भरला टेम्पो परत गेला, त्याची गोष्ट

भिजलेल्या साबणाची गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, ज्यांच्या एजन्सीत माझी उमेदीची वर्षं गेली त्या शेठना नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवी होती तिला तर नाहीच. या अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, यंदाचा विषय मंदी आहे. मंदी खिशात असते की मनात, यावर दोन-तीन प्राध्यापक लिहिणार आहेत. तुम्ही बाजारात फिरणारे, तुमचे चार अनुभव द्या. मी हो म्हणालो, आणि फोन ठेवून अर्ध्या जेवणावरून उठलो. बायकोने विचारलंसुद्धा, कुणी गेलं का म्हणून.

कारण या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे. मोखाड्याच्या बाजारात एक मंदी मी स्वतः आणली होती.

आधी धंदा सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी सेल्समन. शहरातल्या दुकानात टाय लावून उभा असतो तो वेगळा. आमची जव्हारला एजन्सी आहे. साबण, धुण्याची पावडर, खोबरेल, बिस्किटं, शाम्पूच्या पुड्या असा माल कंपन्यांकडून येतो आणि मी तो दुकानांपर्यंत पोचवतो. जव्हारपासून मोखाड्यापर्यंत आणि मधली-आतली गावं ही माझी लाइन. लाइन म्हणजे ठरलेल्या वाराला ठरलेल्या दुकानी जायचं, मागचा माल किती खपला ते फळीवर नजर टाकून ओळखायचं, आणि नवीन ऑर्डर घ्यायची. टेम्पो मीच चालवतो, खोकी मीच उतरवतो. मला नावाने हाक मारणारी माणसं कमी. लाइनवर मी ‘साबणवाले भाऊ’.

आमच्या बाजाराचं वर्ष कॅलेंडरप्रमाणे चालत नाही. भात आणि नागली घरात आली, दिवाळी झाली, की पाड्यापाड्यांतली कुटुंबं भिवंडी-वसईकडे कामाला निघतात. ती परततात शिमग्याला. निघण्यापूर्वी मुकादम हातावर काही उचल ठेवतो, आणि मग मुलांना नवे कपडे, घरात तेल-साबण, बरोबर न्यायला चार वस्तू असं सगळं त्या थोड्या आठवड्यांत घेतलं जातं. त्या दिवसांत ज्याचं दुकान चाललं त्याचं वर्ष चाललं.

दुकानदाराचा स्वभाव सांगतो. तो ऑर्डर देताना स्वतःच्या फळीकडे बघत नाही, शेजाऱ्याच्या दारात काय उतरलं ते बघतो. मला पहिला प्रश्न ठरलेला, “उठाव कसा आहे?” म्हणजे खप कसा आहे. कुणाच्या दुकानात, ते सांगायला नको. म्हणून मोखाड्यात मी माल उतरवायला सुरुवात करायचो ती कोपऱ्यावरच्या वसंतशेठच्या दुकानापासून. जीपा तिथेच थांबतात. चढणारा-उतरणारा प्रत्येक जण ते दार बघतो. वसंतशेठकडे खोक्यांची उतरंड लागली की पुढची पाच-सहा दुकानं न बोलता तेवढाच माल घ्यायची. एकदा तर त्यांच्या संमतीने मी उतरंडीत तळाला रिकामी खोकी लावली होती. माल नुसता दिसला तरी पुरतं, हे मला त्या दिवशी कळलं, आणि खोटं कशाला बोलू, त्याचा मला अभिमानही वाटला.

वावरचीही गोष्ट तशीच. वावर-वांगणी ही नावं कधीकाळी पेपरात आली ती तिथली मुलं कुपोषणाने दगावली म्हणून. त्यानंतर कितीतरी वर्षं, तिकडे माल न्यायचा म्हटलं की शेठ म्हणायचे, “अरे, तिथे काय खपणार?” गावाचं नाव एकदा तसं पडलं की व्यापारी त्या रस्त्याला वळत नाही. मी हट्टाने एक फेरी मारली. तिथे सदू म्हणून एक माणूस झोपडीच्या पडवीत मीठ-मिरची विकत बसायचा. त्याच्या दाराला शाम्पूच्या पुड्यांच्या माळा टांगल्या, बिस्किटांच्या बरण्या मांडल्या. पुढच्या फेरीला माळा संपलेल्या. गिऱ्हाईक तिथे आधीपासून होतं, बाहेरच्यांनी ते नाही असं धरून ठेवलं होतं. शेठनी मान्य केलं. ती लाइन माझ्या नावावर लागली आणि अजून आहे.

या सदूची बहीण मंजुळा. तिचं सासर मोखाड्याजवळच्या पाड्यावर. शिवण शिकलेली होती, घरी पायमशीन होतं, ब्लाउज-परकर शिवून द्यायची. एकदा मला म्हणाली, बाजारात गाळा रिकामा आहे, घेऊ का? मी म्हणालो, घ्या. तिने घेतला. पाड्यावरच्या दोन मुली हाताखाली घेतल्या, दुसरं मशीन आणलं. तिची युक्ती साधी होती आणि मला फार आवडली होती. कामाला निघणाऱ्या बायकांना माप देऊन आठवडाभर थांबायला वेळ नसतो. म्हणून लहान मुलींचे फ्रॉक तीन-चार मापांत आधीच शिवून दोरीवर टांगायचे. आई यायची, पोरीच्या अंगाला लावून बघायची, घेऊन जायची. पहिल्या वर्षी दिवाळीच्या आधी दोरी रिकामी झाली. दुसऱ्या वर्षी ती उल्हासनगरहून जास्तीचं कापड आणणार होती.

त्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट.

भात चांगलं होतं. दसरा होऊन गेला होता, ऊन तापायला लागलं होतं, आणि मी सीझनचा पहिला मोठा माल घेऊन जव्हारहून निघालो. टेम्पो पार वरपर्यंत भरलेला. ताडपत्री होती, पण बांधली नव्हती. आभाळ स्वच्छ होतं आणि मला कंटाळा आला होता, यापलीकडे कारण नाही. शेठनी याच गोष्टीवरून मला आधी दोनदा झापलं होतं. अर्ध्या रस्त्यात भज्यांच्या टपरीवर ओळखीचे लोक भेटले, गप्पा रंगल्या. आणि परतीचा पाऊस आमच्याकडे कसा येतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. पंधरा-वीस मिनिटं मुसळासारखा पडला आणि काही झालंच नाही असं ऊन पडलं. मी धावत जाऊन ताडपत्री ओढली तोवर जे व्हायचं ते झालं होतं. वरून खोकी बरी दिसत होती. मी स्वतःला म्हणालो, पुठ्ठा ओला झालाय, आत काही नाही.

मोखाड्यात बाजार भरलेला. वसंतशेठच्या दारात टेम्पो लावला, मागचा फाळका उघडला, पहिलं खोकं उचललं, तर तळ तसाच खाली राहिला आणि पावडरीचा लगदा माझ्या हातावरून ओघळला. नशिबाने कुणी मागे आलेलं नव्हतं. मी फाळका लावला, ताडपत्री घट्ट बांधली. सकाळी बांधायची ती त्या वेळी बांधली. हात पँटला पुसले.

वसंतशेठ गल्ल्यावरून म्हणाले, “काय भाऊ, उतरवत नाही का?”

आता इथे खरं बोलायला काय हरकत होती? माल भिजला, दोन दिवसांनी नवीन आणतो, एवढंच म्हणायचं होतं. पण ते संध्याकाळपर्यंत जव्हारला शेठच्या कानावर गेलं असतं. तोंडाला आलं ते बोललो. “शेठ, यंदा उठाव नाही. सगळीकडे थंड आहे. एवढा माल घेऊन अडकाल. थोडं थांबा.”

वसंतशेठनी उघडलेली ऑर्डरची वही मिटली. तेव्हा मला कळलं नाही, नंतर कळलं. सेल्समन आयुष्यभर ‘घ्या, घ्या’ म्हणतो, आणि म्हणून त्याच्या ‘घ्या’वर कुणी विश्वास ठेवत नाही. तो पहिल्यांदा ‘नका घेऊ’ म्हणतो तेव्हा ते दगडावरची रेघ असते. मी जन्मात बोललेल्या सगळ्या खऱ्या गोष्टींपेक्षा त्या एका खोट्यावर लोकांचा विश्वास जास्त बसला.

मी टेम्पो वळवत होतो तोच मंजुळा आली. गाळ्यातून तिने सगळं पाहिलं होतं. कापड आणायला ती दुसऱ्याच दिवशी निघणार होती.

“भाऊ, भरला टेम्पो परत नेताव?”

मी म्हणालो, हो, यंदा जरा तसंच आहे.

“मंग मी कापड आणू का नको? खरं सांगा हां. माज्या घरात बाजाराचं कुणाला नाय कळत, तुमालाच कळतं.”

वसंतशेठ ऐकत होते. दोन जीपवाले ऐकत होते. माझ्या पँटला पावडर वाळून पांढरी होत होती.

“नका आणू,” मी म्हणालो. “सांभाळून राहा.”

तिने मान हलवली. कपाळाला आठीही पडली नाही. ज्याच्यावर आपला भरवसा आहे त्याने सांगितल्यावर माणूस जसं निमूट ऐकतो, तसं तिने ऐकलं आणि ती गाळ्यात परत गेली.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, म्हणून छातीठोक सांगतो. माझ्या आधी माझं वाक्य जीपने जव्हारला पोचलं. भरला टेम्पो परत जाताना वाटेतल्या प्रत्येक टपरीने पाहिला, त्यामुळे वाक्याला साक्षीदारही मिळाले. पुढच्या बाजाराला वसंतशेठनी नेहमीच्या निम्मी ऑर्डर दिली, पुढच्या दुकानांनी त्याच्याही निम्मी. जीपवाल्याने नवे टायर पुढे ढकलले. वडेवाला एक घाणा कमी काढायला लागला. मुकादमांनी ऐकलं की बाजार थंड आहे, म्हणजे माणसं कमी उचलीवरही निघतील. त्यांनी हात आखडला, उरलेली तिकडे साइटवर देऊ म्हणाले. उचल कमी मिळाली तेव्हा पाड्यावरच्या माणसांना वाटलं, दुकानदार म्हणतात ते खरंच आहे. ज्यांच्या घरात भात होतं आणि गाठीला थोडे पैसेही होते त्यांनी ते गाठीलाच ठेवले. काही जण मोखाड्याच्या दुकानांत काही मिळत नाही म्हणून त्र्यंबकला जाऊन आले.

यातल्या एकालाही मूर्ख म्हणता येणार नाही. प्रत्येकाने शेजाऱ्याकडे बघून शहाणपणा केला. त्या सगळ्यांच्या शहाणपणाची बेरीज होऊन बाजार बसला. मी म्हणालो होतो उठाव नाही, आणि खरोखर उठाव राहिला नाही.

माझं काय झालं? माझी बढती झाली म्हणा ना. भिजलेली खोकी मी गोदामातल्या ओल येणाऱ्या भिंतीला लावून ठेवली होती. आठवड्याने शेठनी पाहिली, भिंतीला शिव्या दिल्या आणि गवंडी बोलावून गिलावा करून घेतला. तो गिलावा अजून आहे. मी रोज बघतो. वर, येईल त्याला शेठ माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, “याला बाजार आधी कळतो. भरला माल परत घेऊन आला, माझं नुकसान वाचवलं.” तेव्हापासून कंपनीचे साहेब आले की त्यांनाही माझं मत विचारलं जातं.

मंजुळाने दोरीवर मागच्या वर्षीच्या उरलेल्या कापडाचे चार फ्रॉक टांगले होते. मी बाजाराच्या दिवशी त्या बाजूने जायचं टाळायचो. दोन्ही मुलींना तिने घरी पाठवलं. दिवाळी झाल्यावर गाळा सोडला. ती आणि नवरा भिवंडीकडच्या साइटवर गेले. मशीन सदूच्या घरी, वावरला, गोणपाटात गुंडाळून ठेवलं. एरवी मी सदूच्या पडवीत बसून चहा घेतो. त्या वर्षी मी उभ्यानेच ऑर्डर घ्यायचो.

ती मंदी शिमग्यानंतर गेली. मी ती घालवायला धडपडलो हे खरं. पदरचे पैसे घालून सवलतीची स्कीम लावून वसंतशेठच्या दारात पुन्हा उतरंड उभी केली, टेम्पोचा हॉर्न वाजवत बाजारातून मुद्दाम हळू गेलो. पण खरं कारण सांगायचं तर लोकांच्या घरातले साबण संपले होते. मंदी आली म्हणून अंघोळ कुणी सोडत नाही. एक दुकान भरलेलं दिसलं, दुसऱ्याने भरलं. पावसाळा लागायच्या आत सगळ्या फळ्या पहिल्यासारख्या झाल्या. फक्त मंजुळाच्या गाळ्यात तोवर मोबाइल रिचार्जवाला बसला होता.

प्राध्यापक मंडळींना माझं एवढंच सांगणं. मंदी मनात असते का, तर असते, मी तिला जन्माला येताना पाहिलंय. पण सगळी मंदी मनात असते असं कुणी म्हणालं तर त्याला माझ्या टेम्पोत बसवून दोन वर्षं दाखवीन. एक, उभं भात पावसाने आडवं केलं ते वर्ष. दुसरं, रस्ते बंद झाले आणि माणसं भिवंडीहून चालत पाड्यावर परतली ते. त्या दोन्ही वेळी मी उतरंडी लावल्या, गोड बोललो, स्कीम आणल्या. एक खोकं हललं नाही. वसंतशेठ म्हणाले, भाऊ, दुकान भरलेलं दिसायला बघणारा तरी हवा ना. खिसा रिकामा असला की धीर देऊन काही होत नाही. मात्र ज्या खिशात पैसे असतात तो खिसा भीती बंद करते, आणि ती भीती बहुतेक वेळा कुठल्यातरी कोपऱ्यावरच्या दुकानात, कुणाच्यातरी एका वाक्यातून निघालेली असते. यात मला शंका नाही. ज्याच्या बोलण्याला बाजारात वजन आहे त्याने तोंड उघडण्यापूर्वी आपले हात बघावेत. त्यांना काय लागलंय ते आधी बघावं.

इथे थांबलो असतो तर लेख नीटनेटका झाला असता. पण ज्यासाठी लिहायला बसलो ते अजून राहिलंय.

यंदा शिमग्यानंतर मोखाड्यात बोहाडा, म्हणजे मुखवट्यांच्या सोंगांची जत्रा, होता. सोंगं बघायला कामावरची माणसं परतली होती, बाजार फुललेला. वसंतशेठच्या दारात माल उतरवत होतो. मागून हाक आली. मंजुळा. केस पांढरे झालेले, आवाज तोच. बरोबर तिची वीस-बावीस वर्षांची मुलगी. मंजुळाने तिला माझ्या पाया पडायला लावलं. मी मागे सरकत होतो, तर म्हणाली, पडू द्या. आणि मुलीला सांगायला लागली.

“हे आपले साबणवाले भाऊ. तवा यांनी खरं सांगितलं म्हणून वाचलो, नाय तं कापड अंगावर पडलं असतं. दुसरा कुणी असता तं आपला माल खपवून गेला असता.”

मी खोकं हातात धरून उभा होतो. तेव्हा बोलायला हवं होतं. वसंतशेठ होते, गर्दी होती, मुलगी बघत होती. ही कारणं मला आता लिहितानाही खोटी वाटतात. मी नुसता हसलो.

मुलगी नर्सरीच्या पोरांचे युनिफॉर्म शिवण्याचं काम ठाण्याला करते. चांगला हात आहे म्हणे. तिला इथे परत यायचंय. रिचार्जवाला गाळा सोडतोय, आणि मामाच्या घरी मशीन आहेच, तेल दिलं की चालेल. आई म्हणते तसे फ्रॉक टांगायचे. मंजुळाचा नवरा नको म्हणतो, साइटवरचं काम बरं आहे म्हणतो. घरात एकमत होत नाही. मग मंजुळाने त्यावर तोडगा काढला होता, तो मला ऐकवला.

“मी सांगितलं यांना, साबणवाले भाऊंना विचारू. ते नको बोलले तं नको. बोला भाऊ, बाजार कसा हाय?”

मी म्हणालो, दिवाळीच्या आधी सांगतो. तिला ते पटलं. माणूस विचार करून बोलणारा आहे, असं ती मुलीला म्हणाली.

बाजार चांगला आहे. हे मी उघड्या डोळ्यांनी सांगू शकतो. भात उभं आहे, रस्ता बरा झालाय, आणि फ्रॉक टांगलेली दोरी मोखाड्यात आजही कुणाची नाही. ‘घ्या गाळा’ म्हणायला मला एक शब्द पुरेल. पण तो शब्द तिने माझ्या ज्या खरेपणावर ऐकायचा, तो खरेपणा कधी नव्हताच. त्यावर तिने पुन्हा घर उभं करावं असं मला वाटत नाही. ती वावरला सदूकडे येणार आहे, मशीन न्यायला किंवा नुसतं बघायला, ते माझ्या उत्तरावर आहे. हा अंक तिच्या हातात पडेल असं मी धरून चाललेलो नाही. तिला वाचता येत नाही, आणि माझ्याऐवजी दुसऱ्या कुणी तिला वाचून दाखवावं हेही बरोबर नाही.

तेव्हा मला सदूच्या पडवीत खाली बसून तिच्याशी बोलायचंय. त्या दिवशी बाजार थंड नव्हता. माल भिजला होता, आणि तो माझ्या हातून भिजला होता. हे तिला तोंडावर सांगायचं देणं मी लागतो. बाजाराचं उत्तर त्यानंतर देईन, तिने तरीही विचारलं तर.